लदेणीची वाट

हे लिहिणारच नव्हतो. लिहिलं तं समद्यांला कळंल की म्या किती भ्यालो, अन् भीतीपायी काय येडेपना केला. पन फुलसिंगला काय कबूल केलं ते कुठंतरी ऱ्हावं, म्हनून लिहून राहिलो.

अठ्ठेचाळीसचा वैशाख. फुलसिंग माहा दोस्त, आमच्या साखऱ्याजवळच्या तांड्यातला. सरहद्दीपल्याडून निजामाविरुद्धची पत्रकं आनायचा. रझाकार बंदूकवाले मागं लागले तसा सरहद्दीपल्याड वाशीमला पळाला, तिथं कापसाच्या जिनात हमाली करायचा. इकडं त्याच्या बायकोला, भिकाबाईला, पोरगं झालं. त्यानं निरोप धाडला, "बेस्तरवारी दिवेलागणीला सरकीच्या गाड्या निघतात, त्यात बसून येतो."

बुधवारी पाटलाच्या ओसरीवर दोन बंदूकवाले चहा पेत व्हते. म्या रांजन भरत व्हतो. एक म्हनला, "आने दो उसको. नाके पे ही उतार लेंगे."

म्हंजे फुलसिंगचा निरोप फुटला व्हता. रांजन भरला अन् तांड्याकडं पळालो.

तांड्यातल्या गड्यांवर पाळत व्हती. सडकेवर नाका. म्हनून जंगलातून मलाच जायचं व्हतं, एकट्याला. फुलसिंगच्या मायनं, नानीबाईनं, वाट सांगितली. "आमचे बैल गोन्या लादून लदेणीला जायचे ती वाट हाय. लादलेला बैल रुंद असतो, लेकरा. दोन्ही हात पसर. झाडाला लागले तं समज वाट सुटली."

बेस्तरवारी तांबडं फुटायच्या आधी निघालो. डोंगर लागला तसा हात पसरू पसरू चालू लागलो. सागाचा पाला वाळून खाली पडलेला, पाय ठिवला की कडाड वाजायचा. वाटायचं, मागून कोनी येऊन राहिलं. थांबलो की तेही थांबायचं. एका पळसाखाली कांदा-भाकर खाल्ली.

पुढं दोन-तीन वाटा फुटल्या व्हत्या. मधोमध शेंदूर लावलेला दगड. आमच्यात देव तसाच वलांडत न्हाईत. चप्पल काढली, डोळे मिटले, पाच फेरे मारले. "फुलसिंगला वाचव बाप्पा," म्हनत राहिलो. पाच झाले तरी जीव थाऱ्यावर येईना, म्हनून अजून पाच मारले.

डोळे उघडले तं चारी बाजूंनी सारखाच साग. कोन्या वाटेनं आलो तेच उमगंना. एक वाट रुंद दिसली. हात पसरले, बराबर बसले. लागलो पळत.

मोप चाललो. मंग एका पळसाखाली कांद्याची टरफलं दिसली. माहीच.

म्या उलटा साखऱ्याकडं चाललो व्हतो! ऊन डोक्यावर आलतं. मटकन बसलो अन् रडलो. वाटलं, घरीच जावं. सांगावं, वाट घावली न्हाई. कोन इचारनार व्हतं? पन नाक्यावर गाडी थांबलेली दिसू लागली, अन् फुलसिंगला खाली वढलेलं.

उठलो. दगडाजवळून ह्यावेळी मुकाट गेलो, हातबी जोडले न्हाईत, पल्याडची रुंद वाट धरली. सरहद्दीवरची पैनगंगा गुडघ्याएवढी व्हती, चपलांसकट वलांडली.

वाशीमला पोचलो तवा दिवे लागले व्हते. जिनापुढं गाड्या जुपलेल्या. तिसऱ्या गाडीत पोत्यावर फुलसिंग बसलेला.

"सटव्या? तू?" त्यो हासला. "तुला तं परसाकडं जायाला सोबत लागती!"

"उतर खाली."

"काहून?"

"नाक्यावर तुह्यासाठी बसलेत."

हासू गेलं. उतरला. गाड्या निघून गेल्या तरी त्यो चाकोरीकडंच पाहत उभा.

"मंग जंगलातून येतो," म्हनला.

"तांड्यातच धरतील, फुल्या."

"पोराचं तोंड तरी पाहू दे की रं!" त्याचा आवाज चिरकला. मंग हळूच इचारलं, "कोनावानी हाय?"

"तुह्यावानी. काळं, अन् सदा बोंबलतं."

त्यानं माह्या पाठीत धपका मारला, तसाच हात ठिवून राहिला.

मला त्या जंगलात पुन्हा पाय ठिवायचा नव्हता. खरं सांगतो, नव्हता. पन तोंडातून निघून गेलं, "तू हितून हलू नको. मिरगाच्या आधी, नदीला पानी यायच्या आत, भिकाबाईला अन् लेकराला म्या घेऊन येतो."