उस्तादांचं नाक

विलगीकरणाचे दिवस आधी चौदा होते, मग दहा झाले, आणि एका सोमवारी सकाळी गॅस कंपनीच्या तक्रार केंद्रात भिंतीवर नवा कागद लागला: आता पाच. ताप उतरला असेल तर सहाव्या दिवशी कामावर यायचं. तपासणीचा दाखला नको. एक फॉर्म भरायचा, मास्क लावायचा आणि निघायचं.

तो कागद वाचून बारक्याला हायसं वाटलं. बारक्या म्हणजे सहा फूट उंचीचा, दारातून आत येताना खांदे तिरके करणारा फिटर; हे नाव त्याला कुणी चिकटवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. केंद्रातल्या अकरा फिटरांपैकी पाच जण घरी पडून होते. तुंबलेल्या तक्रारी एकशे चाळीसवर गेल्या होत्या, आणि कायम जोडीने जायचा दंडक मोडून एकेकाला एकट्याने पाठवायची पाळी आली होती. वास येतोय म्हणून दोन-दोन दिवस गारठ्यात खिडक्या उघड्या टाकून बसलेली कुटुंबं फोनवर रडकुंडीला येत. इंचार्ज मॅडमच्या तर नाकी नऊ आले होते. अशात पाच दिवसांचा नियम आला, तो सगळ्यांना देवासारखा पावला.

बारक्याचं कारण मात्र जरा वेगळं होतं. उद्या उस्ताद परत येणार होते.

उस्ताद हे केंद्रातले सगळ्यांत जुने फिटर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून कंपनी त्यात मुद्दाम एक घाणेरडा वास मिसळते, सडक्या कोबीच्या जवळ जाणारा. तो वास उस्ताद जिन्यातच पकडत. दुसऱ्या मजल्यावर थांबायचे, मान जराशी वर करायचे आणि म्हणायचे, "चौथा मजला. डावीकडचं घर. मीटरच्या खाली बघ." बारा वर्षं बारक्या त्यांच्या जोडीला होता आणि बारा वर्षांत त्यांचा अंदाज दोनदाच चुकला होता. दुसऱ्या केंद्रातून त्यांना बोलावणी यायची. कमरेला डिटेक्टर होताच, पण उस्ताद म्हणत, "यंत्र जिथे धरशील तिथलं सांगतं. कुठे धरायचं, ते नाक सांगतं." बाकी माणूस एकदम साधा. आल्या-गेल्याशी हसून बोलणारा, नाकासमोर चालणारा.

आणि बारक्याचं स्वतःचं नाक तीन आठवड्यांपूर्वीच गेलं होतं.

आजारपणातून उठल्यावर त्याला ते कळलं. तो शेगडीपाशी उभा असताना बायको धावत स्वयंपाकघरात आली आणि ओरडली, "अहो, दूध करपून कोळसा झालाय! तुम्ही इथेच उभे आहात ना?" तो इथेच उभा होता. धूर दिसत होता, वास नव्हता. बायकोने तेव्हाच बजावलं होतं, "ऑफिसात सांगून टाका." तो म्हणाला होता, "काय सांगू? गॅसच्या फिटरला वास येत नाही म्हणून? हसं होईल माझं."

दहा दिवसांच्या नियमातही परतताना फॉर्म भरावा लागे. त्यावर चार प्रश्न होते: ताप, खोकला, अंगदुखी, धाप. चारही ठिकाणी त्याने 'नाही' लिहिलं, आणि ते खरंही होतं. नाकाचं कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय शेजारी उस्ताद होते. त्यांनी सांगायचं, याने पाना फिरवायचा, काम चालून जात होतं. पण मग उस्तादही आजारी पडले. त्या पाच दिवसांत बारक्या एकटा वासाची तक्रार असलेल्या अकरा घरांत गेला, डिटेक्टर चार ठिकाणी धरला आणि अकराही तक्रारी बंद करून आला. एकेका घरातून निघताना तो जिन्यातून परत एकदा दाराकडे बघायचा.

मंगळवारी उस्ताद आले. गालफडं बसलेली, पण दाढी गुळगुळीत आणि शर्टाला इस्त्री.

"काय रे बारक्या, वाळलास की अगदी!" ते म्हणाले. सगळे हसले. मॅडमनी लगेच यादी हातात दिली आणि दोघांना पिटाळलं.

पहिलंच घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. उस्ताद दर मजल्यावर कठड्याला धरून थांबत होते. ते वास घेतायत असं बारक्याला आधी वाटलं. मग त्यांच्या मास्कची हालचाल बघून कळलं, की त्यांना दम लागलाय. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी सवयीने मान वर केली. बराच वेळ तशीच ठेवली. मग मजला न सांगताच पुढे चढू लागले.

दार एका आजींनी उघडलं. मागे त्यांची सून उभी होती.

"आलात का बाबांनो! कालपासून वास येतोय आणि ही म्हणते येत नाही."

"मला खरंच येत नाहीये," सून म्हणाली. "मी पण नुकतीच उठलेय आजारातून."

स्वयंपाकघरात शिरल्यावर बारक्याने उस्तादांकडे बघितलं. उस्तादांनी बारक्याकडे बघितलं.

"काय वाटतं तुला?" उस्तादांनी विचारलं.

बारा वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी केला नव्हता. बारक्याच्या तोंडून निघून गेलं, "आहे... थोडासा."

उस्तादांनी डिटेक्टर शेगडीला लावला, नळीला लावला, व्हॉल्व्हपाशी धरला. सगळीकडे शून्य.

"तक्रार बंद करायची का?" बारक्या म्हणाला. यादीत अजून नऊ घरं होती.

उस्ताद आजींकडे वळले. "आजी, जरा माझ्यासोबत चला. भिंतीच्या कडेने हळूहळू जाऊ. जिथे वास वाढेल तिथे थांबायचं."

आजी भिंतीला हात लावत निघाल्या. शेगडीपाशी थांबल्या नाहीत, खिडकीपाशी थांबल्या नाहीत. कोपऱ्यातल्या उंच कपाटाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. "इथे. इथे अगदी नाकात बसतो."

बारक्याने कपाट एकट्याने सरकवलं. मागे, पाईप भिंतीतून पलीकडे जात होता तिथे, जुना जोड होता. डिटेक्टर किंचाळायला लागला. साबणाचं पाणी लावल्याबरोबर भराभर फुगे आले. पुरवठा बंद करून, खिडक्या उघडून, त्या दोघींना जिन्यात बसवून त्यांनी जोड बदलला. आजींना तर मैदान मारल्यासारखं झालं होतं. "म्हणे म्हातारीला भास होतात!" हे त्यांनी सुनेला तीनदा ऐकवलं.

उतरताना उस्ताद तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले.

"बारक्या, तुला तिथे वास आला होता?"

"थोडा..."

"मला काहीच आला नाही. जोडाला नाक लावलं, तरी नाही." ते मास्क सारखा करत राहिले. "घरी असतानाच कळलं होतं. वाटलं, दोन दिवसांत येईल. आज सकाळी साबणाची वडी नाकाशी धरून बघितली, काही नाही. तरी आलो. फॉर्मवर कुणी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. चुकलंच माझं."

"येईल हो परत. आणि यंत्र आहे की! कुणाला कळणार आहे?"

"त्या आजी घरात नसत्या तर?" उस्ताद म्हणाले आणि कठडा धरून उठले. उरलेल्या यादीला हात न लावता ते सरळ केंद्रावर निघाले. बारक्या मागोमाग.

केंद्रावर दुपारच्या याद्या घ्यायला बाकीचे पाच फिटर जमले होते. उस्ताद मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले. "मॅडम, मला वास येत नाही."

कुणाचीतरी खुर्ची करकरली.

"येत नाही म्हणजे, सर्दी वगैरे?"

"नाही. गेलाय. आजारात गेला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "उस्ताद, अहो, चार माणसं अजून घरी आहेत. नियमाप्रमाणे तुम्ही फिट आहात. डिटेक्टर आहे ना तुमच्याकडे? थोडे दिवस भागवून न्या."

"नियम चांगलाच आहे मॅडम. अजून पाच दिवस घरी बसवलं असतंत तर आज त्या घरी कुणी गेलंच नसतं. मला घरी पाठवा असं मी म्हणत नाही. पण ताप उतरला की कारकून बरा होतो, फिटर नाही होत. आमचं अर्धं काम नाकाचं." त्यांनी कमरेचा डिटेक्टर काढला आणि टेबलावर ठेवला. "नाक लागत नाही असं कुठलंही काम द्या, करतो. माझ्या जागी वास येणारा माणूस जाऊ दे."

त्यांचे कान लाल झाले होते. बारक्या बघत होता. या माणसाजवळ दुसरी कसली मिरवायची गोष्टच नव्हती. सगळा मान त्या एका नाकावर उभा होता, आणि तेच गेल्याचं तो चार जणांसमोर, वर्दीतलं बटण तुटल्यासारखं सरळ सांगत होता. बारक्याला स्वतःच्या सहा फुटांची लाज वाटली.

"मॅडम," तो म्हणाला, "मलाही येत नाही."

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

उस्तादांनी वळून त्याच्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं, असं बारक्याला वाटलं. त्यांनी फक्त मान हलवली, आणि तेवढ्यात मागून तिसरा फिटर, मागच्या आठवड्यात कामावर आलेला, घसा खाकरून म्हणाला, "माझंही तेच आहे."

सातांपैकी तिघे. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." मग उठल्या, आणि मॅडमचंही कौतुक करायला हवं, कारण त्यांनी दुपार वाया घालवली नाही. फॉर्मांच्या गठ्ठ्यावर, एकेका कागदावर, पेनाने पाचवा प्रश्न लिहिला: 'वास येतो का?' तीन डब्या मागवल्या. एकीत कॉफीची पूड, एकीत साबणाचा चुरा, एकीत व्हिनेगरचा बोळा. रोज सकाळी डोळे मिटून प्रत्येकाने ओळखायचं. पुन्हा जोड्या लावल्या, आणि दर जोडीत एक तरी नाक शाबूत हवं असं ठरवलं. उस्तादांना फोनवर बसवलं. शेवटी बारक्याकडे हात पुढे केला. "त्या अकरा घरांची यादी."

दुसऱ्या दिवशी बारक्या वास येणारा जोडीदार घेऊन अकराही घरांत परत गेला. आठ घरं ठीक निघाली. नवव्या घरी एकटे राहणारे एक शिक्षक होते. दार उघडल्याबरोबर जोडीदाराने नाक मुरडलं. मीटरच्या खाली बारीकशी गळती होती.

"मला येत होता वास," शिक्षक म्हणाले. "पण तुम्ही काही नाही म्हणालात, तेव्हा वाटलं, आपलंच नाक बिघडलंय."

बारक्याने हात जोडले. "बिघडलं होतं ते माझं, मास्तर. आणि मी ते लपवलं. माफ करा."

उरलेली दोन घरं बाकी ठेवून तो आधी केंद्रावर आला आणि उस्तादांना सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं, ते चार शब्द सुनावतील. उस्तादांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "सापडली ना? पाणी पी आणि दहावं घर कर."

फोनवर बसणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यात ढकलणं, असं आधी बारक्याला वाटलं होतं. आठवड्याभरात त्याचा गैरसमज गेला. उस्ताद घरातल्या सगळ्यांना आधी बाहेर काढत आणि मग बोलत. वास कधीपासून? उभं राहिल्यावर जास्त की बसल्यावर? कपाट उघडल्यावर भपकन येतो का? आयुष्यभर नाकाने गोळा केलेलं ज्ञान आता दुसऱ्यांच्या नाकांकडून काढून घेत होते. फिटरांच्या यादीत पत्त्यापुढे जागा लिहून येऊ लागली, आणि दहापैकी सात वेळा ती बरोबर निघे. एकेका घराचा वेळ निम्म्यावर आला. आजारी फिटर एकेक करून परतले. ढीग ओसरला.

बारक्याचं नाक दोन महिन्यांनी आलं. आधी सगळ्याला रबराचा वास, मग एका सकाळी साबणाला साबणाचा. घरी गेल्यावर त्याने बायकोला मुद्दाम दूध करपवायला सांगितलं, आणि तिने लाटणं दाखवलं. उस्तादांची धाप गेली, ते जिने चढायला लागले, पण नाक आलं नाही. तरी रोज सकाळी ते सगळ्यांबरोबर रांगेत उभे राहत, तिन्ही डब्या हुंगत, "नाही" म्हणत आणि फोनकडे जात. नवीन माणसं त्या शब्दाने चपापत. बारक्याला मात्र चौथ्या मजल्याची गळती जिन्यात सांगणाऱ्या उस्तादांपेक्षा हे उस्ताद मोठे वाटायचे, आणि आपल्याला असं रोज म्हणता आलं असतं का, हे तो स्वतःला विचारत नसे, कारण उत्तर माहीत होतं.

एकदा तो नवा रेग्युलेटर न्यायला केंद्रावर आला, तेव्हा उस्ताद फोनवर कुणाला तरी धीर देत होते.

"दिव्याच्या बटणाला हात लावू नका, आहे तसं राहू दे. सगळे जिन्यात आलात ना? तुम्हाला नक्की जागा सांगता येत नाही? बरं, वास पहिल्यांदा कुणाला आला? मुलीला? किती वर्षांची आहे? द्या तिला." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाळ, सगळ्यांत जास्त वास कुठे येत होता? ... बाबांच्या बुटांपाशी?"

केंद्रातले सगळे हसले. उस्ताद हसले नाहीत. "बुटांचा वास वेगळा आणि हा वेगळा, असं आहे का? ... वेगळा. शाब्बास. आता जिन्यातच बसायचं, आमचा एक बारका माणूस येतोय."

त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'दाराजवळ, बुटांच्या मांडणीच्या वर, मीटरचा खालचा जोड', आणि ती बारक्याच्या हातात कोंबली.

"पळ," ते म्हणाले, आणि बारक्या पळाला.