एकही प्रश्न न विचारता

शाळेच्या संगणक कक्षातली सगळी यंत्रं पुसून त्यांवर नवी संगणकप्रणाली बसवायचं काम तिच्या गळ्यात पडलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, "कुणी हात लावायला नको. सगळं आपोआप व्हायला हवं."

तिने नेटवर्कवरून प्रणाली उतरेल अशी सोय केली, प्रणाली बसताना यंत्र जे प्रश्न विचारतं त्यांच्या उत्तरांची फाईल सर्व्हरवर ठेवली. तरी प्रत्येक यंत्र हटून बसायचं. कीबोर्ड कोणता? नेटवर्कचं कार्ड कोणतं? ती उठायची, एंटर दाबायची, पुढच्या यंत्राकडे वळायची.

नवऱ्याचा फोन आला. "आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. येतेस ना?"

"तूच ने रे."

"आपोआप होणार होतं ना?"

"आपोआपच चाललंय. फक्त मी मध्ये मध्ये धावतेय!" तिने फोन आपटला.

मग डोक्यात प्रकाश पडला. फाईल नेटवर्कवर होती आणि हे प्रश्न नेटवर्क जोडण्याआधीच येत होते. किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यातला प्रकार! तिने ती उत्तरं यंत्र सुरू होतानाच मिळतील अशी घातली. वैतागाच्या भरात 'डिस्क पुसू का?' यालाही कायमचा 'हो' देऊन टाकला.

यंत्रं मुकाट कामाला लागली. ती जरा टेकते न टेकते तोच विज्ञानाच्या बाई दारात आल्या.

"अगं, माझा कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर कसलीतरी पट्टी सरकतेय. थांबतच नाही."

शिक्षकांच्या खोलीतले संगणकही त्याच नेटवर्कवर होते; चालू होताच सर्व्हरने बाईंचा संगणकही पुसायला घेतला होता! तिने धावत जाऊन प्लग उपटला, पण उशीर झाला होता. बाईंनी वर्षभर खपून काढलेल्या आकृत्या पुसल्या गेल्या होत्या.

"त्याने विचारलंसुद्धा नाही गं," बाई पुटपुटल्या.

"मीच बंद केलं होतं त्याचं विचारणं."

फक्त कक्षातल्या यंत्रांनाच दाद द्यायची, असं तिने सर्व्हरला बांधून टाकलं. तेवढ्यात मुख्याध्यापक डोकावले. "वा! हात न लावता झालं की!"

तिला असा संताप आला, की ती तडक शिक्षकांच्या खोलीत गेली, खुर्ची ओढली आणि बाईंची पुसली गेलेली पचनसंस्थेची आकृती कागदावर पहिल्यापासून काढायला बसली.

"पित्ताशय एवढं मोठं नसतं गं," बाई मागून म्हणाल्या.

तिने ते पुसलं आणि दात-ओठ खात पुन्हा काढलं.