एवढी एक दौड

सुभेदार हंबीरराव पलटणीतून निवृत्त होऊन कवठे महांकाळजवळच्या आपल्या गावी आले, पण हुकूम सोडायची सवय काही पलटणीत ठेवून आले नाहीत. आजा फौजी, बाप फौजी. यशराजनंही वर्दी घालायची, हे पोराला मिसरूड फुटण्याआधीच ठरलं होतं. पोराला विचारलं नव्हतं. तशी पद्धत त्या घरात नव्हती.

दोन भरत्यांत यशराज दौडीतच बाद झाला. यंदा हुकलं की वय संपलं. म्हणून त्याला साताऱ्याच्या एका भरती अकॅडमीत घातलं, आणि दिवाळीला घरी आला तो निराळाच पोरगा. पहाटे सगळ्यांच्या आधी तयार, कारण रात्रभर झोपलेलाच नसायचा. ताट तसंच उष्टं. बसल्या जागी दात करकरा खायचा आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. पळायचा मात्र असा, की हंबीररावांनी पारावर जाऊन मिशांना पीळ दिला. याला म्हणतात शिस्त, असं ते भेटेल त्याला ऐकवत होते. पोराची हाडं वर आली, असं त्यांची बायको साळूबाई म्हणाली, तर तिला त्यांनी गप्प केलं. फौजेतलं तिला काय कळणार होतं?

मग एक दिवस यशराज गोठ्यात चक्कर येऊन पडला आणि आईजवळ त्यानं सगळं ओकून टाकलं. जिममधून इंजेक्शन मिळतं. ते टोचलं की भूक मरते, झोप मरते, दमच लागत नाही. अकॅडमीतला गावचाच मित्र कृष्णात, त्यानं पहिल्यांदा दिलं. आधी दौडीसाठी, मग सुट्टीला नुसत्या गमतीसाठी, आणि पुढं त्याच्याशिवाय अंथरुणातून उठणंच होईना. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघून स्पष्ट सांगितलं: पुन्हा टोचलंस तर हृदय बंद पडेल, नाहीतर मेंदूतली नस फुटेल. हंबीरराव शेजारीच उभे होते. उरलेली बाटली आणि सुई साळूबाईनं नवऱ्याकडं दिली, लांब कुठंतरी पुरून टाका म्हणाली. त्यांनी ती आपल्या फौजेच्या पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं.

इंजेक्शन बंद झालं तसा यशराज दिवस दिवस झोपून राहू लागला. उठला की रडवेला. पण हळूहळू दोन घास खायला लागला, आईशी हसून बोलायला लागला. साळूबाईला पोरगा परत मिळाला. हंबीररावांना एवढंच दिसत होतं, की दौड मंदावली.

भरतीच्या सकाळी साताऱ्यात, मैदानाबाहेरच्या झाडाआड, त्यांनी खिशातून बाटली काढली.

"आबा, हे तुमी टाकलं न्हाई?"

"एवढी एक दौड मार. मग कवा हात लावू नगंस."

"डॉक्टर तुमच्यापुढंच बोललं की."

"डॉक्टरला वर्दी घालायची न्हाई. तुला घालायचीय. घराण्याचं नाव बुडवाय निघालास व्हय रं?"

यशराजनं बाही वर केली. बापाला नाही म्हणायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

तो पहिला आला. रेषेपलीकडं जाऊन दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसला, तो पुन्हा आपल्या पायांनी उठला नाही.

साताऱ्याहून त्याला सांगलीला हलवलं, डोक्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. साळूबाई कृष्णातच्या दारात जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून आली, कारण त्यानंच पुन्हा दिलं असणार. कृष्णातला गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. हंबीरराव मिशीवरून हात फिरवत गप्प बसले. खरं सांगायचं तर पोराच्या मुक्या तोंडाचं त्यांना बरंच वाटत होतं.

सांगलीचे डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला बोलण्याच्या व्यायामाला आणा, पोरगा तरुण आहे, वाचा येईल. काही खेपा झाल्या. एका संध्याकाळी यशराजनं सगळा जोर लावला, तोंड वाकडं झालं, लाळ गळली, आणि शब्द आला, "आ... बा."

साळूबाईच्या डोळ्यांना धार लागली. "आवं, पयला शबुद तुमचाच. आजून कायतरी सांगायचंय बघा त्याला."

यशराजचा डावा हात बापाकडं रोखलेला होता.

पुढच्या खेपेला साळूबाई पोराला नवा शर्ट चढवून ओट्यावर वाट बघत बसली. हंबीररावांनी गाडीची किल्ली फौजेच्या पेटीत टाकली आणि कुलूप लावलं.

"बास झालं सांगली," ते म्हणाले. "पोराला जरा आराम पडू दे."