मनकर्णाबाईंचं मुसळ

मित्रांनो, माळ्यावर पालींच्या सोबतीला पडलेलं हे जुनं मुसळ म्हणजे मीच. मेळघाटातल्या खैराचं माझं अंग. अंजनगावच्या सुतारानं तासलं, बुडाला लोखंडी कडं ठोकलं आणि मी मनकर्णाबाईंच्या हाती आलो. मिरच्या, हळकुंडं आणि गावातल्या बातम्या आम्ही एकाच उखळात कांडायचो.

पुढे वय उतरलं, बाईंचं महिन्याचं बाहेर बसणं कायमचं थांबलं, तसा घरात त्यांचा मान वाढला. देवघर त्यांचं, लोणच्याची बरणी त्यांची. मुलगा पंजाबराव फार मातृभक्त. बाईंचे हाल तिथून सुरू झाले.

पंजाबरावांना नुकतीच पाटीलकी मिळाली होती. त्यांनी आईसाठी पलंग घडवला, वर गादी घातली आणि बायकोला, वच्छलेला, बजावलं, की सासूला कामाला हात लावू द्यायचा नाही.

बाई म्हणाल्या, "मले कांडू दे बाप्पा. बसून बसून पाय जातीन. शेवटपर्यंत आपल्या पायानं परसात जाव, येवढंच मांगतो मी."

"पाटलाची माय मुसळ हाणते म्हणून लोकं हसतीन मले."

त्यांच्याच वयाची तानुबाई माळीण डोक्यावर फुलांची पाटी घेऊन ताठ चालत यायची. म्हणायची, "मनकर्णाबाई, तुमी त गादीवरच्या देव झाल्या. आता नुसतं फुलं घ्या अन् हालू नका."

दुपारी घर निजलं की बाई हळूच मला उचलायच्या. आधी खांद्यापर्यंत, पुढे पुढे जेमतेम कमरेपर्यंत. पंजाबरावांनी पाहिलं. बोलणी वच्छलेनं खाल्ली, माळा मला मिळाला.

एका सकाळी बाई देवापुढचा तांब्या उचलायला वाकल्या. घसरल्या नाहीत, अडखळल्या नाहीत. आधी खुब्याचं हाड मोडलं, मग त्या पडल्या. आवाज मला वर ऐकू आला. हळकुंड मोडतं तसा.

लढाईचे दिवस, पेट्रोलची टंचाई, मोटार मिळेना. बैलगाडीत घालून अमरावतीला नेलं; तिथलं बोलणं मी पुढे घरातल्यांच्या तोंडून ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं, बाई काम काय करायच्या? पंजाबराव अभिमानानं म्हणाले, "काहीच नाही. आमी तिले काडी उचलू देली नाही."

डॉक्टर म्हणाले, "या वयात बाईचं हाड आतून विरत जातं. चालणं, उभ्यानं काम, थोडं ओझं, यानं ते टिकतं. तुम्ही तेच काढून घेतलंत."

बाई पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. परसाचं भांडं पलंगाखाली आलं, आणि ते पाहून त्या भिंतीकडे तोंड करून पडत.

मित्रांनो, आईचं ओझं हलकं करा, पण सगळंच काढून घेऊ नका. तिला चालू द्या, उचलू द्या. भीती वाटली तर शेजारी उभे राहा.

बाईंना नेताना खांदेकऱ्यांना वजनच लागलं नाही. गाव म्हणालं, बाई पुण्यवान, फुलासारखी गेली. तुमच्या मायला इतकं पुण्यवान होऊ देऊ नका.