रस्त्यापलीकडची भट्टी

देद्झा गावाच्या दक्षिणेस डांबरी रस्ता हीच दोन देशांची सीमा आहे. अलीकडची मक्याची टपरी मलावीची, पलीकडचा आंबा मोझांबिकचा; कोंबड्या तेवढ्या दोन्ही देशांत चरतात. आलिनाफे म्सोसा या रस्त्याच्या काठीच वाढली होती, आणि तो ओलांडताना तिने कधी इकडेतिकडे पाहिले नव्हते. आज पाहत होती.

मलावीच्या राजधानीतल्या सरकारी कचेरीत तिचे काम एवढेच, की कारखाने, भट्ट्या आणि बांधकामे यांतून वर्षानुवर्षे हवेत किती कार्बन जातो, याची दोन्ही देशांपुरती तुलना मांडायची. लाकडावर विटा भाजण्यास मलावीत बंदी आल्यापासून मलावीची रेघ उतरत गेली होती, शेजाऱ्याची चढत. गेल्या महिन्यात दोन्ही देशांच्या बैठकीत तिने तो आलेख मांडला आणि टाळ्या घेतल्या. शेजारी मान खाली घालून बसले. आज सकाळी कळले, की रेघ का चढते ते शोधण्यासाठी त्यांचे बंदूकधारी वनरक्षक सीमेवरच्या भट्ट्या हुडकत निघाले आहेत, आणि भट्टीवर सापडेल त्याला धरून नेत आहेत.

आंब्यामागून धूर निघत होता. तिथे तिचा मामा, लामेक, तिच्याच नव्या घराच्या विटा भाजत होता. विटा कुठे भाजणार, हे तिने त्याला विचारले नव्हते. असे प्रश्न कोणी विचारीत नसे.

"मामा, उठा! रस्ता ओलांडा. वनरक्षक येताहेत."

"वेडी की काय? आता सोडली तर आतल्या विटा कच्च्या राहतील." लामेकने भट्टीच्या तोंडात ओंडका सारला. "भट्टी पेटलेली असताना बायकोजवळ जायचं नाही, नाहीतर विटा बिघडतात, ही आपली रीत ठाऊक आहे ना? इतकं सोसून कच्च्या विटा नेल्या, तर ती मला दारात उभं करेल का?"

"थट्टा नको, मामा! पाया पडते."

"अगं, रस्ता हा इथं. दिसले की उडी मारीन."

"तुम्ही? या गुडघ्यांनी?"

तो हसला, पण दुसरा ओंडका उचलताना त्याची नजर झाडीकडे गेली, आणि ते तिला दिसले. भीती त्यालाही वाटत होती. मात्र पेटल्या भट्टीला पाठ दाखविणाऱ्याकडून गावात पुन्हा कोणी वीट घेत नाही, हेही दोघांना ठाऊक होते.

एवढ्यात झाडीतून हिरवा ट्रक बाहेर आला. लामेक उठू लागला, गुडघा धरून पुन्हा खाली बसला. दोन रक्षक उतरले. थोरल्याच्या खांद्याला बंदूक होती, धाकट्याच्या हातात दोर.

"भट्टी कुणाची रे, म्हाताऱ्या?"

आलिनाफेने मागे पाहिले. रस्ता तिच्या पाठीशी होता. मागल्या पावली ती स्वदेशी पोहोचली असती. दोर मामाच्या मनगटाकडे वळला.

"माझी," ती म्हणाली. "माझ्या घराच्या विटा आहेत. घर पलीकडं बांधतेय."

"घर तिकडं, मग धूर इकडं कशाला?"

"तिकडं बंदी आहे म्हणून." शब्द बाहेर पडले आणि तिला कळले, की ज्या रेघेवर तिने टाळ्या घेतल्या होत्या, ती याच वाक्याने खोटी ठरत होती. "आमची रेघ उतरते ती अशी, दादा. बैठकीतला तो आलेख मीच काढलाय."

थोरला तिच्याकडे पाहतच राहिला. "ऐकलंस का रे? घरं यांची, शिव्या आपल्याला!" मग तिला म्हणाला, "आमच्या साहेबापुढं हेच बोलशील, बाई? तुमच्या कचेरीला कळलं तरी?"

"बोलेन. मामांना सोडा."

"साहेब, ती पोर आहे, तिला काय समजतं..." लामेक गयावया करू लागला.

"गप्प बस, बाबा. हिला समजतं तेवढं आम्हाला समजलं असतं, तर दोर कशाला आणला असता?" थोरल्याने मानेने ट्रक दाखविला. "आणि ही आग संध्याकाळपर्यंत विझली पाहिजे."

ट्रक रस्त्याकडे पाठ करून निघाला. आलिनाफे मागच्या फळीला धरून बसली होती. साहेब कसा असेल, किती दिवस ठेवतील, आपल्या कचेरीत पुन्हा पाऊल तरी टाकता येईल का, यांतले काहीच तिला ठाऊक नव्हते. तिने मागे वळून पाहिले. मामा अजून रस्त्याच्या मोझांबिककडच्याच बाजूला होता, गुडघ्यांवर, आणि डोळे पुसत भट्टीत ओंडका सारीत होता.