पाहुण्यांसाठी धुतलेली फरशी

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा मीटर आहे, आणि मला कुणी चहाडखोर म्हटलेले मुळीच खपत नाही. माझ्या पोटातून जेवढे पाणी जाते तेवढेच मी दाखवतो. कुणाला त्याचा राग आला, तर त्याला मी काय करणार?

माझा जन्म ओतशाळेतला. वितळलेले पितळ साच्यात ओतून माझे अंग घडले. मग चष्मा लावलेल्या एका कारागीर बाईंनी चिमट्याने माझ्या पोटात एकेक चाक बसवले, वर काच लावली आणि मोजलेले पाणी माझ्यातून सोडून पाहिले. आकडा बरोबर निघाला, तेव्हा माझ्या पाठीवर शिक्का बसला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान आहे.

तिथून मी आलो तो थेट एका वाइनरीत, म्हणजे द्राक्षांची वाइन करतात त्या जागी. इथे द्राक्षे चिरडतात, रस मोठ्या टाक्यांत आंबवतात आणि उरलेला सगळा वेळ धुतात. टाक्या धुतात, नळ्या धुतात, फरशी तर उठता-बसता धुतात. ते सगळे पाणी माझ्यातून जाई, पण माझ्याकडे बघायला कुणाला सवड होती? पाणी घरच्या विहिरीचे, त्यामुळे बिल नाही, आणि बिल नाही म्हणून मीटरकडे बघणारा माणूसही नाही. माझ्या काचेवर रसाचे शिंतोडे वाळले. कोळ्याने जाळे विणले. एक जण तर ओले हातमोजे माझ्यावरच वाळत घाली. मी मूग गिळून मोजत राहिलो.

टाक्यांचा कारभार काकांकडे होता. काका म्हणजे मालकीणबाईंचे सख्खे चुलते. स्वच्छतेत त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. फरशीवर द्राक्षाचे एक साल दिसले, की त्यांनी पाण्याची नळी सोडलीच. त्या सालाला पाण्याने ढकलत ढकलत ते पार गटारापर्यंत पोचवून येत. एका सालापायी किती पाणी गेले, ते मला विचारा.

मग एका वर्षी दुकानदारांचा निरोप आला. ज्या वाइनरीकडे माती आणि पाणी जपल्याचे प्रमाणपत्र असेल, तिच्याच बाटल्या ते यापुढे ठेवणार होते. मालकीणबाईंनी तो निरोप दोनदा वाचला. त्यांना सगळे ताई म्हणत. प्रमाणपत्र मिळाले नाही तर वाइनरी बंद करावी लागेल, हे त्यांना दिसत होते. बागेचे त्यांनी बरेच केले होते. तणनाशक थांबवले होते, वेलींच्या ओळींमध्ये गवत राखले होते, छाटलेल्या काड्या कुजवून मातीला परत देत होत्या. राहिले होते वाइनरीतले पाणी. एके सकाळी ताई ओले फडके घेऊन माझ्यापाशी आल्या, माझी काच पुसली आणि आकडा वाचला. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे नीट पाहिले, मित्रांनो. मला अगदी भरून आले.

आठवडाभर आकडे वाचल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"काका, एका बाटलीमागं आपण बादलीभर पाणी गटारात सोडतोय."

"मग काय घाणीत वाइन करू?" काका फुरंगटले.

तरी ताईंनी त्यांना हळूहळू वळवले. साली आधी रबरी फावड्याने ओढून गोळा करायच्या, मगच धुवायचे. नळीला हात सोडला की बंद होणारी तोटी लावायची. एका टाकीच्या शेवटच्या धुण्याचे स्वच्छ पाणी दुसरीच्या पहिल्या धुण्याला वापरायचे. काकांनी नाक मुरडले, पण आकडा उतरू लागला तशी त्यांना गोडी लागली. रोज ते "आज किती रे?" असे मला विचारत आणि शेजारच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवत. आमची चांगली गट्टी जमली.

प्रमाणपत्रासाठी तपासनीस मॅडम येणार त्याच्या आदल्या दिवशी ताई बागेत गुंतल्या होत्या. इकडे काकांना चैन पडेना. पाहुणे यायचे आणि घर असे? त्यांनी तोटी काढून ठेवली आणि नळी पूर्ण सोडली. फरशी धुतली, भिंती धुतल्या, टाक्या बाहेरून धुतल्या, अंगण धुतले आणि शेवटी फाटकही धुतले. माझी चाके गरगर फिरत होती. पाणी जपल्याचे प्रमाणपत्र घ्यायला हा भला माणूस सगळ्या वाइनरीला पाण्याने आंघोळ घालत सुटला होता. मला ओरडावेसे वाटले, पण मीटरला तोंड कुठे असते?

ताई परतल्या. लखलखीत फरशी पाहून आधी हसल्या, मग माझ्याकडे वळल्या आणि मटकन खोक्यावर बसल्या.

"काका, हे काय केलंत?"

"अगं, पाहुणे येणार. घाण दिसली असती तर?" मग काकांनीही आकडा पाहिला आणि त्यांचा आवाज खाली गेला. "असं करू. मीटर बिघडलाय म्हणून सांगू. जुनाच तर आहे. काढूनच टाकू."

मित्रांनो, पितळेचा असलो तरी मला ते फार लागले. रोज ज्याची चौकशी करायची, त्यालाच खोटे पाडायचे?

ताईंनी माझ्या काचेवर उडालेले पाणी पदराने पुसले. "नको," त्या म्हणाल्या. "तो बरोबर आहे. चुकलंय आपलं."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. त्यांनी फळ्यावरचे रोजचे आकडे वाचले आणि मापाच्या खुणा केलेली बादली भरून माझा आकडा ताडून पाहिला. "मीटर अगदी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग काल एवढं पाणी गेलं कुठं?"

ताई बोलणार तोच काका पुढे झाले. "मी धुतलं, मॅडम. तुम्ही येणार म्हणून." त्यांना मान वर करवत नव्हती.

"मी पाहुणी नाही हो," मॅडम म्हणाल्या. "आज प्रमाणपत्र देता येणार नाही. तोडणीच्या हंगामात न सांगता येईन, तेव्हा बघू."

हंगाम म्हणजे सगळ्यांत जास्त धुण्याचे दिवस. मॅडम आल्या तेव्हा काका गुडघ्यापर्यंत जांभळे होऊन फावडे ओढत होते आणि फरशीवर सालींचा नुसता चिखल होता. मॅडमना पाहताच त्यांचा हात सवयीने नळीकडे गेला. माझा जीव वरखाली झाला. पण काकांनी हात मागे घेतला आणि फावडे घट्ट धरले.

"या मॅडम," ते म्हणाले. "आज सगळा राडा आहे. जपून चाला."

मॅडम सालींतून वाट काढत माझ्यापाशी आल्या. त्यांनी आकडा वाचला, फळा पाहिला, पुन्हा आकडा वाचला आणि मग ताईंकडे वळून म्हणाल्या, "मिळालं तुम्हाला." ताई तिथेच, सालींच्या ढिगाशेजारी, रडल्या. काका मात्र माझ्याकडे बघत होते. त्यांनी आपला जांभळा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मित्रांनो, तुमच्या घरामागेही माझा एखादा भाऊबंद कोपऱ्यात मोजत बसला असेल. अधूनमधून त्याची विचारपूस करा. आणि कधी आकडा फुगलेला दिसलाच, तर त्याला बिघडलेला म्हणण्याआधी एकदा आपला नळ बघून या.