भरल्या पोटाची साक्ष

पेशी वाढवायची काचेची बशी काढायची, भिंगाखाली धरायची, परत उबेच्या कपाटात ठेवायची आणि दार लागते न लागते तोच पुन्हा उघडायचे. सकाळपासून प्रयोगशाळेत धाकटीचे हेच चालले होते. जीव थाऱ्यावर नव्हता; कारण बशीतल्या पेशी ताईच्या होत्या.

नमुन्यांवर नाव नसते. शेजारच्या दवाखान्यात मुलासाठी उपचार घेणाऱ्या बायकांची बीजे काढतात. त्या बीजांना वेढून असलेल्या, एरवी फेकून द्यायच्या पेशी संमतीने प्रयोगशाळेत येतात. पण हा नमुना आला त्या दिवशी दवाखान्याच्या टेबलावर एकटी ताईच होती, म्हणून तो कुणाचा हे धाकटीला कळले. नमुना तेव्हाच दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायला हवा होता. धाकटीने सोपवला नाही. आदल्या दिवशी ताईने तिचा हात धरून म्हटले होते, "बघ गं जरा, माझ्या पेशींत काही दम आहे का. घरात सगळे नुसता धीर देतात. खरं कुणीच सांगत नाही."

मेंदूच्या तळच्या ग्रंथीचा हुकूम आला की या पेशींनी इस्ट्रोजेन हे स्त्रीचे संप्रेरक बनवायचे. पण नुसत्या हुकमाने त्या फारशा हलत नाहीत. आसपासच्या पेशींनी सोडलेले ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीला चालना देणारी द्रव्ये, शेजारणीच्या कुजबुजीसारखे कानाशी आले, म्हणजे तोच हुकूम त्यांना नीट ऐकू येतो. त्या कुजबुजीने किती फरक पडतो हे मोजायचे, तर पेशींना आधी उपाशी ठेवावे लागते. त्यांच्या अन्नातले सीरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, काढून घ्यायचे. कारण सीरममध्ये असले ग्रोथ फॅक्टर मुळातच मिसळलेले असतात.

संध्याकाळी ती सीरम काढायला बसली. काचेच्या तळाशी पेशी एकमेकींना बिलगून होत्या. तिला सुयांनी काळेनिळे झालेले ताईचे पोट आठवले. बीजे काढली त्या सकाळी ताईही उपाशीपोटीच टेबलावर चढली होती. आता यांनाही? हात अडला. सीरम तसेच राहिले, आणि काही बशांत तिने ग्रोथ फॅक्टर त्यावरच सोडला.

आकडे आले, तेव्हा सगळ्याच बशांत इस्ट्रोजेन भरपूर होते. ज्यांत ग्रोथ फॅक्टर घातला नव्हता, त्यांतही. तिचे पाय जमिनीवर ठरेनात. ताईला फोन लावायला ती उठली, तोच प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी खांद्यावरून कागद पाहिला आणि पेशी उपाशी ठेवल्या होत्या का, एवढेच विचारले.  तिने सगळेच सांगून टाकले, नमुना कुणाचा होता तेही. सर रागावले नाहीत. तेच तिला जड गेले. नमुना प्रयोगातून बाद, म्हणाले, आणि चष्मा पुसत पुटपुटले, "भरल्या पोटी साक्ष घेतलीस, बाई. पोट भरलं की सगळेच होकार देतात."

फोनवर तिने ताईला खरे ते सांगितले. चूक आपली, उत्तर हाती नाही. आणि मिळाले असते, तरी ते बशीतले असते, तिच्या पोटातले नव्हे.  पलीकडून हसू आले.

"म्हणजे माझ्या पेशींचेही लाडच केलेस तू?"

"मला बघवेना गं, ताई."

"तेच तर. कुणालाच बघवत नाही." हसू विझत गेले. "पुढची वेळ येऊच नये. पण आलीच, तर पेशी दुसऱ्या कुणाला दे. जो उपाशी ठेवील त्याला."

बशा टाकून देण्यासाठी धाकटीने कपाट उघडले. ऊब तोंडावर आली. तिने दार लावले, आणि लगेच पुन्हा उघडले.